शेवटचा माणूस पार होईपर्यंत

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं नाही की मी घरात सांगतो, सगळं ठीक असणार. बायको म्हणते, ताईंचं पत्र नाही म्हणजे ताई रागावल्या असणार. तेव्हा दोन ओळी खरड आणि आमचं भांडण मिटव.

इकडे आम्ही मजेत. औषधांच्या दुकानात सध्या खोकल्याचा हंगाम आहे. सगळं गाव खोकतंय, आणि प्रत्येकाला मी सांगतोय की बाबा रे, औषध चमच्यानं घ्यायचं, बाटली तोंडाला लावायची नाही. लेकीचा पुढचा दात पडला. तो तिनं माझ्याच दुकानातल्या गोळ्यांच्या डबीत ठेवला आणि ती डबी मी एका आजीबाईंना विकता विकता वाचलो.

आता खरी बातमी. आमच्या प्रार्थनाघरात दर महिन्याला कुणीतरी एक अध्याय समजावून सांगायचा असतो. इतकी वर्षं मी मागच्या बाकावर बसून सुटत आलो, यंदा मात्र धरला गेलो. अध्याय कुठला, तर आपला. यहोशवाच्या पुस्तकातला, लोक यार्देन नदी पार करतात तो. रानावनात चाळीस वर्षं भटकून लोक काठावर येतात, नदीला पूर, आणि याजक कराराचा कोश, ती देवाची पवित्र पेटी, खांद्यावर घेऊन पाण्यात पाय घालतात. पाय भिजले मात्र, वरचं पाणी वरच थांबतं, खालचं वाहून जातं, आणि सगळे लोक कोरड्या पात्रातून चालत पलीकडे. मला अजून आबांचा आवाज ऐकू येतो. रोज जेवण झालं की टेबल पुसायचं, आबांनी ते जाड पुस्तक उघडायचं, आणि मी टेबलाखाली पाय हलवत बसायचं.

मी असं बोलणार आहे की, पाणी आधी हटलं नाही, आधी पाय भिजले. म्हणजे माणसानं आधी धीर करायचा, वाट मागून होते. कसं वाटतं?

आणि हा धीराचा विषय निघालाच आहे तर विचारतो. आपली धाकटी बहीण सांगत होती की इथल्या मोठ्या ग्रंथालयाचं तुला पत्र आलंय. तू तो जुना नकाशांचा ग्रंथ दुरुस्त करून दिलास, तो बघून त्यांनी तोंडात बोटं घातली म्हणे. जुन्या पुस्तकांची दुरुस्तीची अख्खी खोली ते तुझ्या हाती द्यायला तयार आहेत, आणि मार्चअखेर उत्तर मागितलंय. धाकटी म्हणते, तू ते पत्र वाचून घडी घातलीस आणि शिकंज्यात दाबून ठेवलंस. ताई, शिकंज्यात पुस्तकं दाबतात गं, पत्रं नाही! ग्रंथालय माझ्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. तू अजून त्या दगडावर उभी राहूनच शिकंज्याचं चाक फिरवतेस ना? तिथल्या खोलीत म्हणे सगळं तुझ्या उंचीचं करून देतील.

आबांना माझा नमस्कार मोठ्यानं सांग, नाहीतर त्यांना ऐकू जायचा नाही.

लोभ ठेव, आणि उत्तर दाबून ठेवू नकोस.

तुझा,
चिकट्या
(हे नाव इकडे कुणाला कळलं तर माझ्याकडून औषध घ्यायला कुणी येणार नाही.)


११ फेब्रुवारी

चि. चिकट्यास,
अ. उ. आ.

खळीच्या भांड्यात कोपरापर्यंत हात घालून बसणाऱ्या पोराला दुसरं काय नाव ठेवायचं होतं? आई हसून हसून बेजार झाली होती त्या दिवशी. तुला गरम पाण्यात बुडवून सोडवावं लागलं होतं. तेव्हा नावाची तक्रार करू नकोस, ते तू कमावलेलं आहे.

मी रागावलेली नाही. कामात होते. शाळांची पुस्तकं बांधणीला आली आहेत, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. आमची शिलाईवाली बाई सकाळपासून छापील पानांचे फर्मे शिवते आणि सकाळपासून बोलते. दोरा संपतो, तिचं बोलणं संपत नाही. पण हात असा सफाईचा की एक टाका इकडचा तिकडे नाही. आबा कापायच्या मशीनपाशी बसून सगळ्यांवर ओरडतात. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून त्यांना वाटतं आम्हीच बहिऱ्या. डॉक्टरांनी त्यांना मशीनवर बसू नका म्हणून सांगितलंय. ते म्हणाले, हो. घरी आले आणि मशीनवर जाऊन बसले.

तू धीरावर बोलणार हे वाचून मी शिलाईवालीलाही वाचून दाखवलं. तुला अजून पोहता येत नाही, गुडघाभर पाणी दिसलं की तू चपला हातात घेऊन काठावर उभा. पण बोल बाबा, बोलायला कुठं ओलं व्हावं लागतं?

मात्र एक सांगते. आपल्या घरात त्या अध्यायाचा अर्थ भिजणाऱ्या पायांत नव्हता, थांबलेल्या पायांत होता. तुला आठवत नसेल, तू टेबलाखाली असायचास. लोक भराभर पलीकडे जातात, बायका, पोरं, गुरं, गाठोडी. आणि ते कोश घेतलेले लोक नदीच्या मधोमध उभेच. खांद्यावर ओझं, एका बाजूला पाण्याचा डोंगर, आणि ते हलत नाहीत. शेवटचा माणूस पार होईपर्यंत उभे राहिले. आबा तिथं चष्मा काढायचे आणि पुस्तक मिटायचे. दुसऱ्या दिवशी थेट यरीहो शहराच्या पडणाऱ्या भिंती. आई गेली त्या वर्षीही हा अध्याय आला होता. तू इवलासा, धाकटी त्याहून लहान. मला कुणीही काही सांगितलं नाही, पण पुस्तक मिटलं तेव्हा मला कळलं होतं आपल्याला काय करायचंय ते. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेऐवजी दुकानात गेले.

ग्रंथालयाचं म्हणशील, तर माणसं भली दिसतात, अक्षरही चांगलं आहे. मला ते पत्र आवडलं. आवडलं म्हणूनच शिकंज्यात ठेवलं, म्हणजे रोज रोज वाचायला नको. उत्तर नाहीच द्यायचं आहे. तू पार झालास, धाकटी पार झाली. आबा अजून पात्रातच आहेत. त्यांना मधोमध सोडून मी काठावर जाऊ? आणि दुकान कोण बघणार?

वहिनीबाईंना आशीर्वाद. लेकीचा दात हरवू नकोस.

माया आहेच, ती धरून राहा.

ताई


२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. बस. शिलाईवालीला जरा गप्प कर.

भाषणाची तयारी करायला मी प्रार्थनाघरातलं पुस्तक मागून आणलं. आपला अध्याय म्हणजे मला तोंडपाठ, उगीच एकदा नजर टाकावी म्हणून उघडलं. याजक मधोमध उभे राहिले, लोक घाईघाईनं पार झाले, इथवर बरोबर. पान उलटलं आणि मी चक्रावलो. यरीहो नाही! मधे भलतंच काहीतरी. मला वाटलं, यांचंच पुस्तक चुकलंय. शेजारच्यांचं आणलं, त्यातही तेच. मग बायकोनं शांतपणे सांगितलं की तिच्या माहेरीही तेच आहे, सगळ्या जगात तेच आहे, वेगळं असलं तर आपल्याच घरी असेल.

ताई, आपल्या पुस्तकात एक पान नाही. आठव ना, आबांनी ते छापखान्यात उरलेल्या फर्म्यांतून जुळवून घरासाठी बांधलं होतं. एखादं पान शाईनं बरबटलेलं असणार, त्यांनी ते काढून टाकलं असणार. नेमकं वाक्य पूर्ण होऊन पान संपत होतं, आणि पुढचं पान यरीहोच्या बंद वेशींपासून सुरू होत होतं. कुणाला चुकल्यासारखं वाटलंच नाही. आम्हा पोरांना भिंती कधी पडतात याची घाई! आणि प्रार्थनाघरात हा भाग कधी वाचला गेला असेल, तेव्हा आपल्याला जे पाठ होतं तेच आपण ऐकलं.

त्या पानावर काय आहे सांगू? ते याजक तिथं कायमचे उभे राहत नाहीत. सगळे लोक पलीकडे गेल्यावर देव यहोशवाला सांगतो, त्यांना बोलाव. आणि यहोशवा त्यांना हाक मारतो, की यार्देनेतून वर या. तेही वर येतात, ताई! त्यांचे पाय कोरड्या जमिनीला लागतात आणि मग पाणी परत येतं, पूर्वीसारखं काठोकाठ वाहायला लागतं. तोवर थेंबही हलत नाही. त्यांच्यासाठीसुद्धा ते पाणी थांबलेलं असतं. आणि पात्रातून खांद्यावर आणलेले दगड यहोशवा काठावर उभे करतो, म्हणजे पुढं पोरं विचारतील, हे दगड कसले, तेव्हा त्यांना ही गोष्ट सांगता यावी.

मी ते पान वाचलं आणि दुकानात औषध मोजता मोजता डोळ्यांत पाणी आलं. गिऱ्हाईकाला वाटलं, त्याचा खोकला मला लागला. मला आपलं टेबल दिसलं, मिटलेलं पुस्तक दिसलं, आणि तू. आम्ही दोघं उड्या मारत पलीकडे गेलो. मी शिकलो, दुकान घातलं, लग्न केलं, आणि दर सुट्टीत तुला भेटायला येऊन तुझ्या हातचं जेवून परत आलो. तू कुठं उभी आहेस ते आम्ही बघितलंच नाही, कारण आमच्या पुस्तकात तू उभीच असणार होतीस.

तेव्हा मी आता हाक मारतो. ताई, वर ये. ग्रंथालयाला हो कळव. आबांचं काय ते मी, तू आणि धाकटी मिळून बघू. हवं तर आबांनाही इकडे आणू.

भाषण मी या पानावरच करणार आहे. धीराचं सगळं फाडून टाकलं.

माझ्यावर जीव आहे ना, मग माझं ऐक.

तुझा,
चिकट्या


१ मार्च

चि. चिकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बसूनच वाचलं.

पान सापडलं ते ठीक झालं. तुझं भाषणही छान होईल. पण एका पानावर माझा सगळा जन्म तोलायला तुला कुणी सांगितलं होतं? मी काय पुस्तकातलं वाचून जगले? माझी आई गेली होती आणि घरात दोन लहान मुलं होती. पान असतं तरी मी तेच केलं असतं. तुम्ही दोघं माझ्या अंगावर ओझं होतात असं तुला वाटत असेल, तर ते आधी डोक्यातून काढ. मला ते काम आवडलं. अजून आवडतं. हातांना सरसाचा वास आला नाही तर मला जेवण जात नाही.

आणि तू नीट वाचत का नाहीस? लहानपणापासून तुझं हे असंच, अर्धं वाचायचं आणि धावत सुटायचं. त्या लोकांना नदीत उतरायला कुणीतरी सांगितलं होतं. ज्यानं उतरवलं त्यानंच वर बोलावलं. मला कुणी उतरवलं नाही. मी आपण होऊन उतरले. मग मला वर कोण बोलावणार? तू? तुला अजून तुझे मोजे सापडत नाहीत, बायकोला हाका मारतोस. माझ्या अंगाखांद्यावर वाढलेलं पोर मला काठावरून हाक मारणार आणि मी येणार?

आबांना तिकडे न्यायचं मनातही आणू नकोस. ते दुकानाबाहेर जगायचे नाहीत. पाणी परत येतं असं तूच लिहिलंस ना? मग मी पाय उचलल्यावर ते कुणाच्या अंगावर येईल, याचा विचार कर. महिनाअखेर मी त्यांना नाही कळवणार आहे. हा विषय आता पुरे.

पुस्तकाचं पान नाही हे आबांना सांगू नकोस. त्यांनी बांधलेल्या पुस्तकात चूक निघाली असं कळलं तर त्यांना जेवण जाणार नाही.

ताई

ता. क. रागानं लिहिलंय, पण फाडत नाही. तू खोकला सांभाळ.


१४ मार्च

चि. यांस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पाकीट पोचले. आत जुने पान व तुझी चिठ्ठी मिळाली. प्रार्थनाघराच्या कपाटातल्या मोडक्या प्रतीतले हे पान तू वडीलधाऱ्यांना विचारून घेतलेस हे बरे केलेस. न विचारता पाने काढणाऱ्यांचे मी तोंड पाहत नाही. ताईने सांगू नको म्हटले होते, तरी मी पाठवतो आहे, असे तू लिहितोस. बरोबर केलेस. काम आले की ते बांधणाऱ्याकडेच यायला हवे, मधल्यांना विचारायचे नसते.

पान आपल्याच छापाचे आहे, मापही तेच. कडा वाळवीने कुरतडल्या आहेत. पातळ कागद लावून त्या सारख्या केल्या. घरचे पुस्तक उघडून पाहिले. पान काढल्यावर जी अरुंद कोर मागे राहते ती तिथे अजून आहे. माझ्या हातची आहे, सरळ कापलेली. म्हणजे पान मीच काढले. का काढले ते मला आठवत नाही. डागाळलेले असेल. दुसरे मिळाले की लावू म्हटले असेन, आणि मग तुझी आई आजारी पडली.

त्या कोरेवरच नवे पान चिकटवले. पहिल्यांदा तिरपे बसले म्हणून दोनदा करावे लागले. पण आता ते तिथे नव्हते असे कुणी म्हणणार नाही. पान घट्ट बसले का ते शिलाईवालीने मला कडेने टोचून बघू दिले नाही, ती बाई फार शहाणी आहे.

चिकटवण्याआधी पान दोन्ही बाजूंनी वाचले. मग पुन्हा वाचले. तुझी चिठ्ठीही वाचली. ग्रंथालयाचे मला कुणी सांगितले नव्हते. सांगितले असेल तर मला ऐकू आले नसेल. शिकंजा उघडून पत्र पाहिले. कागद उत्तम आहे.

ताईला अजून काही बोललो नाही. खळ ओली असताना पान उलटू नये, फाटते. वाळू दे.

माझी तब्येत ठीक आहे. डॉक्टर मूर्ख आहे.

आशीर्वाद जसे होते तसेच आहेत, कमी झालेले नाहीत.

आबा


२२ मार्च

चि. चिकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि एक कानफटात, ती भेटल्यावर.

तुला सांगू नको म्हटलं तेच तू केलंस! पान थेट आबांच्या हातात! इथं काय झालं ते आता ऐक, आणि मधे हसू नकोस.

काल जेवण झालं. धाकटी तिच्या नवऱ्याला घेऊन आली होती, शिलाईवालीलाही आबांनी थांबवून घेतलं होतं. मला वाटलं, कुणाचं काही दुखलंखुपलं तर नाही? आबांनी टेबल स्वतः पुसलं. कित्येक वर्षांनी त्यांनी ते पुस्तक खाली काढलं आणि आपला अध्याय काढला. तुला माहीत आहे, ते हळू वाचत नाहीत, त्यांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून खच्चून वाचतात. समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवलं, खिडकीत माणसं आली. याजक मधोमध उभे राहिले, इथपर्यंत ते आले. चष्मा काढायची वेळ झाली म्हणून मी भांडी घासायला उठले. आणि त्यांनी चष्मा काढला नाही, पान उलटलं.

मी दारात थबकले. पुढचं मी तुझ्या पत्रात वाचलेलं होतं, तरी आबांच्या आवाजात ते कधीच ऐकलं नव्हतं. यार्देनेतून वर या, हे त्यांनी वाचलं आणि थांबले. मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग तेच वाक्य परत वाचलं, आणखी मोठ्यानं. मला वाटलं, ऐकू न येणारी मीच आहे.

मी काहीबाही बोलले. तुम्ही अजून पात्रात आहात आबा, तुम्हाला सोडून कशी जाऊ. धाकटीनं ते त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. तर ते भडकलेच! म्हणाले, मी नदीत आहे हे तुला कुणी सांगितलं? मी केव्हाच पार झालोय. म्हातारा माणूस काठावर बसून मशीन चालवतो, तर तिला वाटतं मी बुडतोय. आणि जेवणखाणाचं म्हणशील तर ही धाकटी दोन गल्ल्या सोडून राहते ती काय फक्त भांडायला? धाकटी म्हणाली, हेच मी तुम्हाला कधीपासून सांगतेय, पण ताई मला डबा घेऊन आत येऊ देईल तर ना. शिलाईवाली म्हणाली की शिकंजा तिला चालवता येतो, मी बाजाराला गेले की तीच चालवते, मला कुणी सांगितलं नाही इतकंच. म्हणजे सगळे आपापल्या काठावर कोरडे ठणठणीत उभे होते, आणि मी एकटी पाणी अडवून धरलं होतं!

तुला लिहिलेलं माझं ते वाक्य मी त्यांनाही ऐकवलं. मी आपण होऊन उतरले, मला कुणी उतरवलं नव्हतं. यावर आबांनी चष्मा काढून पुस्तकावर ठेवला. मग उठले, कंदिलासारखी मान हलवत दुकानात गेले. आम्ही सगळे मागोमाग. शिकंज्यापाशी ते खाली बसले, या वयात, गुडघ्यांवर, आणि माझ्या पायांखालचा दगड दोन्ही हातांनी हलवायला लागले. रुतून बसला होता तो, जावयानं हात लावला तेव्हा निघाला. खाली त्याच्याच आकाराचा खळगा. आबा म्हणाले, तुला चाकापर्यंत हात पुरत नव्हता तेव्हा हा दगड मी आणला होता. खांद्यावरून आणला होता. तू आपण होऊन उभी राहिलीस, पण उभं राहायला जागा मी केली. तेव्हा बोलावणारही मीच.

चिकट्या, मी रडले रे. आईच्या वेळी रडले नव्हते, तुम्ही दोघं बघत होतात म्हणून. ते सगळं काल आलं. धाकटीनं मला धरलं, आणि शिलाईवाली पहिल्यांदाच काही बोलली नाही.

एक तुला सांगते, रागावू नकोस. त्या पुस्तकाची पाठ एकदा मी दुरुस्त केली होती. तेव्हा ती कापलेली कोर माझ्या बोटाला लागली होती. एक पान गेलंय हे मला कळलं होतं. त्यावर काय असेल हे मी कुणाला विचारलं नाही. का विचारलं नाही ते आज मला नीट सांगता येणार नाही. तू येऊन बसलास की सांगेन.

ग्रंथालयाला आज सकाळी हो कळवलं. टपालात पाकीट टाकून परत आले तर दुकान जोरात चाललं होतं. शिलाईवाली शिकंज्यावर होती. उंच बाई, तिला दगड लागतच नाही. खळगा आबांनी बुजवून टाकला होता, फरशी ठोकून सारखी केली होती. दोन गिऱ्हाइकं आली, काम देऊन गेली, मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मला जरा लागलं, खोटं का बोलू. मग तुझं ते वाक्य आठवलं, की पाय वर आले आणि नदी पूर्वीसारखी काठोकाठ वाहायला लागली. मी उगीच भीत होते. पाण्यालाही त्याचं काम होतंच की, ते बिचारं इतके दिवस माझ्यासाठी खोळंबलेलं.

मी पुढच्या शनिवारी दुपारच्या गाडीनं येते. स्टेशनवर ये, मोजे घालून ये. कपडे थोडेच आहेत, पण पिशवी जड आहे. आबांनी तो दगड मला दिलाय. मी म्हटलं, तिथं सगळं माझ्या उंचीचं करून देणार आहेत, मला तो कशाला. तर म्हणाले, उभं राहायला नव्हे, दाराशी ठेवायला. हमालाकडे देणार नाही, खांद्यावरून मीच आणणार आहे, तेव्हा गाडीशी गडबड करू नकोस.

तुझी लेक विचारील, आत्या, हा दगड कसला गं? तू गप्प राहा. ते मी सांगीन, अगदी शेवटच्या पानापर्यंत.

तोवर जीव लावून वाट बघा.

तुझी,
ताई